काठीच्या सावलीपासून पृथ्वीच्या कक्षेपर्यंत: संगणकीय मॉडेलच्या आधारे खगोलशास्त्र शिकवू इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात केप्लरचे तीनही नियम आहेत आणि विद्यार्थी ते परीक्षेत बिनचूक लिहितात. पण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे कशावरून, आणि ती वर्तुळापासून नेमकी किती वेगळी आहे, असे विचारले की पुस्तकातली फुगवलेली आकृती तेवढी त्यांच्या डोळ्यांसमोर असते. संगणक इथे खरी मदत करू शकतो. त्यासाठी मात्र पडद्यावर तयार ॲनिमेशन दाखवून भागत नाही. विद्यार्थ्याने मॉडेल स्वतः बांधले पाहिजे, त्यातून एखादा आकडा आधी लिहून ठेवला पाहिजे आणि मग अंगणात किंवा गच्चीवर जाऊन तो पडताळला पाहिजे. नववी ते अकरावीच्या वर्गांना हा क्रम झेपतो असा माझा अनुभव आहे, म्हणून तो टप्प्याटप्प्याने मांडतो आहे. उदाहरणे पुण्याच्या अक्षांशाची आहेत. तुमच्या गावाचे आकडे तुम्हाला तिसऱ्या टप्प्यात मिळतील.

१. वर्षाचे वेळापत्रक आकाश पाहून ठरवा

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर आकाश बहुतांशी झाकलेले असते, आणि शाळाही नेमकी जूनमध्ये सुरू होते. म्हणून पावसाळ्याचे महिने स्प्रेडशीट शिकण्यासाठी ठेवावेत आणि प्रत्यक्ष निरीक्षणे सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत घ्यावीत. अनेक शिक्षक उत्साहाने शून्य सावली दिवसापासून (माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस) सुरुवात करायचे ठरवतात आणि तिथेच अडकतात. पुण्यात हा दिवस १४ मेच्या आसपास आणि पुन्हा ३० जुलैच्या आसपास येतो. पहिल्या वेळी उन्हाळ्याची सुट्टी असते आणि दुसऱ्या वेळी ढग असतात. या दिवसाची तारीख मॉडेलमधून जरूर काढून घ्यावी, पण मोजणीसाठी २३ सप्टेंबर, २२ डिसेंबर आणि २१ मार्च या तारखांच्या आसपासचे दिवस धरावेत.

२. साहित्य आणि कागदपत्रे आधीच जमवा

- चार-पाच विद्यार्थ्यांमागे एक संगणक. जुना असला तरी चालतो.
- स्टेलॅरियम (संगणकावर आकाश दाखवणारा प्रोग्राम) आणि लिबरऑफिस कॅल्क (स्प्रेडशीट). दोन्ही विनामूल्य आहेत. इंटरनेटवर विसंबू नका. स्थापनेच्या फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. स्टेलॅरियमची नवी आवृत्ती जुन्या संगणकावर चालली नाही, तर तिची आधीची आवृत्ती घ्यावी.
- एक मीटर उंचीची सरळ काठी, ओळंबा, पातळी (स्पिरिट लेव्हल), मोजपट्टी, मधोमध बारीक छिद्र पाडलेला पुठ्ठा आणि सावलीची टोके नोंदवायला खडू.
- १० × ५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) आणि ती स्थिर ठेवण्यासाठी तिपाई.
- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, आणि रात्रीच्या निरीक्षणासाठी प्रत्येक पालकाचे संमतीपत्र. मुलांना घरी पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची, हे संमतीपत्रात स्पष्ट लिहिलेले असावे.
- गटागणिक एक नोंदवही. तिच्यात भाकीत आधी, शाईने आणि तारीख घालून लिहायचे.

शेवटच्या नियमाबाबत मी आग्रही आहे. भाकीत आधी लिहिलेले नसेल, तर मोजणी झाल्यावर प्रत्येकाला आपले उत्तर बरोबरच आले होते असे वाटू लागते आणि मॉडेल तपासण्याची गरज कोणालाच भासत नाही.

३. स्टेलॅरियममध्ये आपले गाव नोंदवा आणि पंचांगाशी ताडून पाहा

एफ-६ कळ दाबून गावाचे अक्षांश-रेखांश भरा, प्रमाणवेळेचा विभाग भारताचा आहे याची खात्री करा आणि एफ-५ ने तारीख-वेळ बदलून पाहा. वेळ साडेपाच तासांनी चुकलेली असणे हा या टप्प्यावरचा सर्वांत नेहमीचा घोटाळा आहे. आज सूर्य कधी मावळतो ते स्टेलॅरियममध्ये पाहा आणि पंचांगातल्या किंवा दिनदर्शिकेतल्या सूर्यास्ताशी जुळवा. काही मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला, तर आधी स्थान आणि वेळ-विभाग तपासा.

त्यानंतर पहिला खरा प्रयोग करता येतो. चंद्रावर आणि मग सूर्यावर टिचकी मारून दोघांचे क्रांतिवृत्तीय रेखांश (सूर्याच्या वार्षिक मार्गावर अंशांत मोजलेले स्थान) लिहून घ्या, चंद्राच्या रेखांशातून सूर्याचा वजा करा (उत्तर ऋण आले तर ३६० मिळवा) आणि बाकीला १२ ने भागा. भागाकारातला पूर्णांक म्हणजे पूर्ण झालेल्या तिथी. चालू तिथी त्याच्या पुढची. बाकी १०० अंश आली, तर आठ तिथी पूर्ण होऊन शुक्ल नवमी चालू आहे. पंचांगात दिवसाला लावलेली तिथी सूर्योदयाची असते, त्यामुळे तुलनेसाठी सूर्योदयाचीच वेळ घ्यावी. मुले घरी जाऊन आजी-आजोबांसमोर ही तिथी काढून दाखवतात, आणि संगणकातले आकाश हे आपल्याच आकाशाचे गणित आहे हे घरच्यांनाही पटते. नक्षत्रांच्या बाबतीत मात्र हा मार्ग थेट लागू पडत नाही, कारण पंचांगातील निरयन (ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेले) रेखांश आणि स्टेलॅरियममधील सायन (विषुवबिंदूपासून मोजलेले) रेखांश यांच्यात सुमारे २४ अंशांचा फरक आहे. तिथीत दोन रेखांशांची वजाबाकी होत असल्याने हा फरक निघून जातो.

४. सावलीचे भाकीत करणारी पहिली स्प्रेडशीट बांधा

सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते सांगणारा कोन म्हणजे सूर्याची क्रांती. तिचे एक सोपे सूत्र असे आहे:

क्रांती = −२३.४४ × कोसाइन [ (३६० ÷ ३६५) × (दिनांक्रम + १०) ]

दिनांक्रम म्हणजे १ जानेवारीपासून मोजलेला दिवस. १४ मे हा १३४ वा, २३ सप्टेंबर हा २६६ वा. पहिल्या स्तंभात १ ते ३६५ आकडे, दुसऱ्यात क्रांती, तिसऱ्यात माध्यान्हीची सूर्याची उंची आणि चौथ्यात एक मीटर काठीच्या सावलीची लांबी, अशी मांडणी करावी. उंची काढण्यासाठी ९० मधून स्थानाचे अक्षांश आणि क्रांती यांच्यातला फरक वजा करायचा. सावलीची लांबी म्हणजे १ भागिले उंचीचा टॅन्जंट.

इथे दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे स्प्रेडशीटमधील कोसाइन आणि टॅन्जंट ही फले (फंक्शन) कोन अंशांत नव्हे, तर रेडियनमध्ये घेतात. दहावीच्या मुलांनी रेडियन पाहिलेला नसतो, त्यामुळे अंशांचे रेडियन करणारे तयार फल आत घालायला सांगावे आणि कारण दोन वाक्यांत समजावून पुढे जावे. दुसरा सापळा अक्षांशाचा. तो एकाच चौकटीत लिहून सूत्रात डॉलरचे चिन्ह लावून स्थिर केला नाही, तर सूत्र खाली ओढताना अक्षांशही खाली सरकतो आणि दुसऱ्या ओळीपासून सगळे आकडे बिघडतात.

पुण्याचा अक्षांश १८.५२ घातला, तर २२ डिसेंबरला सूर्याची उंची सुमारे ४८ अंश आणि सावली सुमारे ९० सेंटीमीटर येते. क्रांती अक्षांशाइतकी होते तो शून्य सावली दिवस १४ मे आणि ३० जुलैच्या आसपास येतो. अक्षांश बदलून मुंबईसाठी (१९.०७) पाहिले तर १६ मे, नागपूरसाठी (२१.१५) २६ किंवा २७ मे. अक्षांशाचा एकच आकडा बदलून तारखा महाराष्ट्रभर कशा सरकतात ते मुलांनी स्वतः पाहावे. मॉडेलचा उपयोग कशासाठी, हे इथे सर्वांत लवकर कळते.

५. मोजा, आणि मॉडेल कुठे चुकते ते शोधा

माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि पुणे ७३.८६ अंशांवर आहे. दर अंशाला चार मिनिटे धरली, तर फरक साधारण ३५ मिनिटांचा होतो. त्यात ऋतूनुसार आणखी काही मिनिटांची घट-वाढ असते. पुण्यात १२:१० ते १२:५० या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने नोंदवून त्यातली सर्वांत आखूड सावली घ्यावी. नागपूरला ही वेळ बरीच आधी येते.

काठी ओळंब्याने उभी करा आणि जमीन पातळीने तपासा. सूर्याच्या बिंबाला अर्ध्या अंशाची रुंदी असल्यामुळे सावलीचे टोक धूसर दिसते, आणि तिथेच सेंटीमीटरभराचा गोंधळ होतो. काठीच्या टोकाला छिद्राचा पुठ्ठा बसवला तर जमिनीवर सूर्याची लहानशी तेजस्वी प्रतिमा पडते. तिच्या मध्यापर्यंत मोजावे, आणि उंचीही छिद्रापर्यंतचीच धरावी. विद्यार्थ्यांनी सूर्याकडे थेट पाहायचे नाही आणि द्विनेत्री दिवसा बाहेर काढायचीच नाही, हे प्रत्येक वेळी बजावून सांगावे.

आता २३ सप्टेंबरची गोष्ट. सूत्रानुसार त्या दिवशी क्रांती उणे ०.९ अंश आणि एक मीटर काठीची सावली सुमारे ३५.२ सेंटीमीटर येते. प्रत्यक्षात विषुवदिनाच्या सुमारास क्रांती जवळपास शून्य असते आणि सावली सुमारे ३३.५ सेंटीमीटर भरते. पावणेदोन सेंटीमीटरांचा हा फरक काळजीपूर्वक मोजणाऱ्या गटाला सापडतोच. वर्गात लगेच आवाज उठतो की काठी वाकडी असेल, जमीन उतरती असेल. त्या सगळ्या शंका तपासू द्याव्यात. स्टेलॅरियममध्ये त्या दिवसाची क्रांती पाहायला सांगावे. तीही मोजणीच्याच बाजूने कौल देते. मगच विचारावे: सूत्रात आपण कोणती गोष्ट गृहीत धरली होती?

सूत्रात कोन रोज सारख्याच प्रमाणात वाढतो. म्हणजे पृथ्वी वर्षभर एकाच वेगाने वर्तुळात फिरते असे आपण न सांगता मानले होते. हे उत्तर शिक्षकाने देऊ नये. दोन तास गेले तरी चालतील, पण ते विद्यार्थ्याच्या तोंडून यावे.

६. पृथ्वीला कक्षेत फिरवा

आता न्यूटनच्या नियमावरून पृथ्वी स्वतःच चालवायची. अंतर खगोलीय एककांत (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर म्हणजे एक एकक) आणि काळ वर्षांत घेतला, तर सूर्याचे वस्तुमान आणि गुरुत्व स्थिरांक यांचा गुणाकार ४ × π × π, म्हणजे ३९.४८ होतो. मीटर आणि किलोग्रॅम घेतले की चौकटींमध्ये दहाचे अकरावे, तिसावे घात दिसू लागतात आणि चूक सापडेनाशी होते. म्हणून ही एकके कटाक्षाने वापरावीत.

प्रत्येक ओळीत स्थानाचे दोन घटक, वेगाचे दोन घटक, सूर्यापासूनचे अंतर आणि त्वरणाचे दोन घटक असे सात स्तंभ लागतात. त्वरणाचा क्ष-घटक म्हणजे उणे ३९.४८ गुणिले क्ष भागिले अंतराचा घन, आणि य-घटकही तसाच. नवे स्थान म्हणजे जुने स्थान अधिक वेग गुणिले काळाचा टप्पा; नवा वेग म्हणजे जुना वेग अधिक त्वरण गुणिले टप्पा.

पहिली ओळ फळ्यावर हाताने सोडवून घ्या, संगणक बंद ठेवून. पृथ्वी क्ष = १, य = ० येथे, वेग फक्त य-दिशेने ६.२८३, टप्पा ०.०१ वर्ष. सरळ पद्धतीने जुन्याच वेगाने पुढे गेलो, तर नवे स्थान (१, ०.०६२८) आणि सूर्यापासूनचे अंतर १.००२०. एकाच टप्प्यात पृथ्वी बाहेर सरकली. असे शंभर टप्पे झाले की वर्तुळ बंद होत नाही, उलगडत जाणारी सर्पिल रेषा तयार होते. बरेच शिक्षक इथे घाबरून प्रयोग सोडून देतात. ही सर्पिल रेषा मुलांना मुद्दाम दाखवावी आणि टप्पा लहान करून ती कशी आवळते तेही पाहू द्यावे.

उपाय सोपा आहे. वेग नेहमी अर्धा टप्पा पुढचा ठेवायचा. त्यासाठी फक्त पहिल्या ओळीत वेगात अर्ध्या टप्प्याइतकीच भर घालायची: क्ष-दिशेचा वेग उणे ०.१९७४ होतो. त्याने पुढे गेले, की स्थान (०.९९८०, ०.०६२८) आणि अंतर १.००००. पुढच्या ओळींत वेग आणि स्थान आलटून पालटून पूर्ण टप्प्याने बदलायचे. तेवढ्या एका बदलाने वर्तुळ बंद होते.

आलेख काढताना आणखी एक सापळा आहे. स्प्रेडशीट दोन्ही अक्षांचे प्रमाण स्वतःच ठरवते आणि वर्तुळ चपटे दिसते. मुले आनंदाने म्हणतात की लंबवर्तुळ मिळाले. दोन्ही अक्षांच्या मर्यादा हाताने सारख्या करा आणि चौकट चौरस ठेवा, म्हणजे खरा आकार कळेल.

७. सावलीतल्या फरकाकडे परत या

आता पृथ्वीचे खरे आकडे भरा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, ०.९८३ खगोलीय एककांवर असते आणि तिचा वेग सेकंदाला ३०.२९ किलोमीटर, म्हणजे वर्षाला ६.३८९ खगोलीय एकके असतो. टप्पा १ भागिले ३६५.२५ घेतला की एक ओळ म्हणजे एक दिवस होतो. आलेख पाहून मुलांना नवल वाटते, कारण योग्य प्रमाणात काढलेली पृथ्वीची कक्षा डोळ्यांना वर्तुळच दिसते. फक्त सूर्य किंचित बाजूला असतो. थंडीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते हेही याच तक्त्यात दिसते, त्यामुळे अंतरामुळे ऋतू होतात हा जुना गैरसमज वेगळे भाषण न देता मोडतो.

मग सर्वांत जवळच्या बिंदूपासून, म्हणजे उपसूर्य बिंदूपासून, पृथ्वी सूर्याभोवती किती अंश फिरली तो प्रत्येक दिवसाचा कोन काढा. मार्चचा विषुवदिन उपसूर्य बिंदूपासून सुमारे ७७ अंशांवर आणि सप्टेंबरचा त्याच्या बरोबर समोर, २५७ अंशांवर येतो. कोन देणारे फल १८० नंतर ऋण आकडे देते, म्हणून २५७ ऐवजी उणे १०३ शोधायला सांगावे. दोन कोनांमधल्या ओळी मोजल्या, की एका अर्ध्या फेरीला सुमारे १८६ दिवस आणि दुसरीला सुमारे १७९ दिवस लागतात असे निघते. दिनदर्शिकेवर २१ मार्च ते २३ सप्टेंबर मोजून पाहा. तिथेही तेच मिळते.

सोप्या सूत्राने दोन्ही अर्धे सारखे धरले होते, म्हणून सप्टेंबरमध्ये ते सुमारे दोन दिवस पुढे गेले आणि त्या सुमारास क्रांती दिवसाला साधारण ०.४ अंशाने बदलत असल्याने ०.९ अंशाची चूक झाली. अंगणातले पावणेदोन सेंटीमीटर म्हणजे केप्लरचा दुसरा नियम: ग्रह सूर्याजवळ असताना वेगाने आणि दूर असताना सावकाश फिरतो. हा दुवा जोडण्यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा; अभ्यासक्रमाच्या घाईत तो गमावला, तर आधीचे सगळे श्रम अर्धवट राहतात.

८. वेळ उरला तर गुरूचे चंद्र

गुरू संध्याकाळी दिसत असेल त्या महिन्यात, द्विनेत्री तिपाईवर लावून सलग काही रात्री चार चंद्रांची स्थाने वहीत काढून घ्या. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हेच केले होते. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक चंद्राचे बाजूचे अंतर म्हणजे कक्षेची त्रिज्या गुणिले साइन. त्रिज्या गुरूच्या त्रिज्येच्या पटीत अनुक्रमे ५.९, ९.४, १५.० आणि २६.३; आवर्तकाल (एका फेरीचा काळ) १.७७, ३.५५, ७.१५ आणि १६.६९ दिवस. कालाचा वर्ग भागिले त्रिज्येचा घन चौघांसाठी सुमारे ०.०१५ येतो, हे मुलांनीच शोधावे. द्विनेत्रीत सर्वांत आतला चंद्र आयो गुरूच्या झळाळीत हरवतो. तो दिसला नाही म्हणून गटाचे गुण कापू नयेत.

९. पायथॉनकडे केव्हा वळावे

स्प्रेडशीटमधली कक्षा पूर्ण झाल्यावरच. सुरुवातीपासून पायथॉन ही संगणकभाषा घेतली, तर वर्गाचा वेळ ओळींच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागा आणि कंस दुरुस्त करण्यात जातो आणि खगोलशास्त्र मागे पडते. अकरावीत मात्र मंगळाची कक्षा, उपसूर्य अंतर १.३८१ आणि वेग ५.५९ घेऊन, पायथॉनमध्ये चालवावी. आवर्तकाल ६८७ दिवस आला पाहिजे. ग्रहांची अचूक स्थाने नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेच्या होरायझन्स सेवेतून विनामूल्य मिळतात. तिथली वेळ भारतीय नसते, हे लक्षात ठेवून साडेपाच तासांचा हिशेब करावा. कोन काढणाऱ्या फलात कॅल्क आधी क्ष मागते आणि पायथॉन आधी य; जुने सूत्र जसेच्या तसे उतरवले तर कक्षा आरशात पाहिल्यासारखी उलटी होते.

१०. गुण कशाला द्यावेत आणि मदत कुठे मागावी

गुण सुबक आलेखाला देऊ नयेत. भाकीत आधी लिहिले का, फरक किती आला, त्याची कोणती कारणे तपासली आणि मॉडेलमधले कोणते गृहीतक बदलले, या चार प्रश्नांची उत्तरे वहीत आहेत का ते पाहावे. ज्या गटाचे भाकीत चुकले पण कारण सापडले, त्याला पूर्ण गुण मिळावेत.

पुण्यातील आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था, मुंबईत मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि १९४४ पासून काम करणारी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था या संस्थांकडे चौकशी करावी. जाताना मुलांच्या नोंदवह्या सोबत न्याव्यात, म्हणजे बोलणे थेट मोजणीपासून सुरू होते. वर्षअखेरीला या वह्यांतील सावलीच्या लांबी, तारखा, वेळा आणि काठीची उंची एकाच स्प्रेडशीटमध्ये उतरवून ती शाळेच्या संगणकावर ठेवा. पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या तुकडीला पावसाळ्यात, आकाश झाकलेले असतानाही, पडताळणीसाठी स्वतःच्या शाळेतले आकडे मिळतील.